दुसरी पार्टी

किल्लीवाल्यांनी आयुष्यात एकही जागा खरी सांगून विकली नव्हती आणि त्यात त्यांना लाज वाटण्यासारखं काही दिसत नव्हतं. घरं, गाळे, गोदामं विकून देणं किंवा भाड्याने लावून देणं हा त्यांचा धंदा, आणि त्या धंद्याची एक भाषा असते. ‘शांत परिसर’ म्हणजे तिथे बस जात नाही. ‘हवेशीर’ म्हणजे एका खिडकीची काच फुटलेली आहे. ‘मालक अगदी सज्जन’ म्हणजे मालक परगावी असतो आणि फोन उचलत नाही. कमरेला सतत किल्ल्यांचा जुडगा, म्हणून लोक किल्लीवाले म्हणत. खरं नाव विजेच्या बिलावर होतं, तेवढंच.

तर अशा माणसाने कादंबरी लिहिली.

कशी लिहिली तेही सांगायला हवं. धंद्यात गिऱ्हाइकाला पार्टी म्हणतात, आणि पार्टी कधीही वेळेवर येत नाही. रिकाम्या घरात खिडकीच्या कट्ट्यावर बसून तिची वाट बघण्यात किल्लीवाल्यांचं निम्मं आयुष्य गेलं. इतर दलाल अशा वेळी फोनवर गप्पा झोडतात किंवा डुलकी काढतात. किल्लीवाल्यांनी कागद आणले. काही वर्षांत, लोकांच्या रिकाम्या बैठकीच्या खोल्यांत, स्वयंपाकघराच्या ओट्यांवर, एकदा तर कोरड्या न्हाणीघरात पालथ्या बादलीवर बसून, पुस्तक पुरं झालं.

पुस्तकात एक बाई होती. दर रविवारी ती घर बघायला यायची. नळ सोडून बघायची, कपाटं उघडायची, सकाळचं ऊन कुठवर येतं ते विचारायची, आणि कधीच काही घ्यायची नाही. एक दलाल तिला वर्षानुवर्षं घरं दाखवत राहतो, अशी गोष्ट. ती बाई खरीच होती. धंद्यात अशा लोकांना फुकटी पार्टी म्हणतात आणि दुसऱ्या फेरीलाच वाटेला लावतात. किल्लीवाल्यांनी तिला कधी वाटेला लावलं नाही. का, ते त्यांना सांगता आलं नसतं. बहुतेक म्हणूनच कादंबरी लिहावी लागली.

बायकोने बाड हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतला आणि परत ठेवलं. “छापून आलं की वाचीन,” ती म्हणाली. “कच्चं कशाला वाचायचं?”

लेक नोकरी करणारी. तिने बाड टाइप करायला टाकलं, आणून दिलं, आणि सुट्टी मिळाली की वाचते म्हणाली. सुट्टी काही मिळाली नाही. टाइप करणाऱ्याने वाचलं असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण एका प्रकरणाची पानं उलट्या क्रमाने आली होती आणि त्याला पत्ता नव्हता.

“आता हे प्रकाशकाकडे नेतो,” किल्लीवाले म्हणाले.

“थेट नाही घेत हो बाबा कोणी. एजंट लागतो.”

“कसला एजंट?”

“पुस्तकांचा. तो तुमचं पुस्तक प्रकाशकांना दाखवतो, बोलणी करतो, करार करून देतो आणि आपली टक्केवारी घेतो.”

“म्हणजे दलाल.”

“म्हणा हवं तर.”

“म्हणजे घर माझं, विकायचं मी, आणि हा नुसता मध्ये उभा राहून पैसे खाणार?”

लेकीने वडिलांकडे अशा नजरेने पाहिलं, की पुढचं वाक्य त्यांनी गिळून टाकलं.

एजंटांना पाठवायचं पत्र किल्लीवाल्यांनी स्वतः लिहिलं. त्यांना वाटलं, याच कामात आपला हातखंडा आहे. ‘प्रशस्त कादंबरी, नवीन, एकहाती लिहिलेली. भरपूर प्रकरणं, सर्व बाजूंनी उजेड. वाचनालय, शाळा जवळ. मालक अगदी सज्जन. ताबा लगेच.’ लेकीने ते वाचलं, डोक्याला हात लावला आणि नवं लिहून दिलं. त्यात गोष्टीचा सारांश होता, लेखकाची ओळख होती, आणि सोबत पहिली तीन प्रकरणं. किल्लीवाल्यांना ते पत्र फारच उघडंवाघडं वाटलं. जागेत काय आहे ते सगळं आधीच सांगून टाकलं तर पार्टी बघायला येईल कशाला?

उत्तरं येऊ लागली. ‘आपलं लेखन आश्वासक आहे, परंतु आमच्या सध्याच्या यादीशी जुळत नाही.’ ‘आवडलं, पण आम्हाला हवं तितकं प्रेम त्याच्यावर बसलं नाही.’ बायकोला ती वाचून वाईट वाटायचं. किल्लीवाल्यांना नाही. ते अशी पत्रं दाद देत वाचायचे, कारण इतकं गोड बोलून दार लावणं त्यांनाही कधी जमलं नव्हतं. ‘जुळत नाही’ म्हणजे उघडलंच नाही. ‘प्रेम बसलं नाही’ म्हणजे पहिलं पान उघडलं. सगळ्यात लवकर नकार आला तो, सगळे ज्यांना ‘मोठे एजंट’ म्हणत, त्या गृहस्थांकडून. त्यांचे लेखक वर्तमानपत्रात झळकायचे आणि ते स्वतः लेखकांपेक्षा जास्त झळकायचे. त्यांच्या नकारात तर लेखकाच्या नावाची जागाही कोरीच राहिली होती.

असे बरेच महिने गेले. किल्लीवाले वरून हसायचे, पण आतून त्यांना लागत होतं. जुडग्यात एखादी अशी किल्ली असते, की जिची जागा कोणी बघायलाच येत नाही. आठवड्यातून एकदा जाऊन दार उघडायचं, खिडक्या उघडायच्या, परत लावायच्या. पुस्तकाचं तसं झालं होतं. ते कोणी विकत घ्यावं हा पुढचा प्रश्न. आधी कोणी आत तरी यावं, एवढंच त्यांना हवं होतं.

आणि एक दिवस एका बाईंचा फोन आला. त्या पुस्तकांच्या एजंट होत्या, पण लहानशा, एकट्याने काम करणाऱ्या. म्हणाल्या, तीन प्रकरणं वाचली, पुढची पाठवा. पुढची गेली. पंधरवड्याने पुन्हा फोन आला. या, भेटू.

एजंटबाईंची कचेरी एका लाँड्रीच्या वर होती. अरुंद जिना, जिन्यात इस्त्रीच्या वाफेचा वास, वर एकच खोली. किल्लीवाल्यांनी सवयीने आत शिरता शिरता कोपऱ्यातली ओल पाहिली, खिडकीची चौकट फुगलेली पाहिली आणि मनातल्या मनात भाड्याचा आकडा ठरवला. मग त्यांची नजर टेबलावर गेली. तिथे त्यांचं बाड होतं. कडांना मळलेलं, मध्येच कागदाचे कपटे खोचलेलं, एका पानावर चहाच्या कपाचं वर्तुळ. त्यांच्या जागेत कोणीतरी राहून गेलं होतं.

“सगळं वाचून झालं,” एजंटबाई म्हणाल्या. “मी हे काम सुरू केलं ते अशाच एखाद्या पुस्तकासाठी, असं वाटलं मला. खूप वर्षांनी वाटलं. पण—”

आता या ‘पण’पाशी थोडं थांबायला हवं. दलाल आयुष्यात एवढा एकच शब्द कान टवकारून ऐकतो. जागा आवडली, पण. पार्टी ‘पण’ म्हणाली, की लगेच, एका श्वासाचीही उसंत न देता, दुसरी पार्टी काढायची. तसं आणखी एक जण बघून गेलेत, उद्या टोकन देणार म्हणतात. मग पहिली पार्टी ‘पण’ विसरते आणि पाकीट काढते. किल्लीवाल्यांनी हे इतक्या वेळा केलं होतं, की त्यासाठी आता डोकं लागत नसे, तोंडच परस्पर बोलून मोकळं होई.

“तसं आणखी एकांनी विचारलंय,” किल्लीवाले म्हणाले. “बोलणी जवळपास झाल्यातच जमा आहेत.”

एजंटबाई थांबल्या. “कोणी?”

किल्लीवाल्यांनी मोठ्या एजंटांचं नाव घेतलं. खोटं बोलायचंच तर घसघशीत बोलावं.

बाईंनी पाकीट काढलं नाही. त्यांनी बाड सरळ केलं, चारी बाजूंनी ठोकून कडा जुळवल्या आणि दोन्ही हात त्यावर ठेवले. “मग मी मध्ये येणार नाही,” त्या म्हणाल्या. “आमच्यात एक रीत आहे. ज्या लेखकाशी दुसऱ्याची बोलणी चालू आहेत त्याला आम्ही ओढत नाही. आणि त्यांच्यासारखे तुमचं पुस्तक जिथे पोचवतील, तिथे मी नाही पोचवू शकणार. अभिनंदन करते तुमचं. मनापासून.”

दुसरी पार्टी आहे म्हटल्यावर पहिली अभिनंदन करून बाजूला होते, हा प्रकार किल्लीवाल्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. असा धंदा चालतो तरी कसा? ‘अहो, तसं काही पक्कं नाही,’ असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण इतक्या वर्षांच्या सवयीने जीभ टाळ्याला चिकटून बसली. बाईंनी चहा पाजला. तो चहा किल्लीवाल्यांना औषधासारखा प्यावा लागला.

“उद्या जा आणि खरं सांगून या,” लेक म्हणाली.

“अगं, दुसरं कोणी नव्हतं असं पार्टीला कोणी परत जाऊन सांगतं का? मग ती विचारते, का नव्हतं? जागेत काही खोट आहे का?”

“बाबा, ते घर नाही.”

“तेच तर,” किल्लीवाले म्हणाले, आणि त्या रात्री नीट जेवले नाहीत.

आठवडा गेला, दुसरा गेला. रोज सकाळी ते ठरवत, आज जायचं. रोज संध्याकाळपर्यंत एखादी पार्टी मध्ये यायची, आणि तिचं निमित्त झालं की त्यांना हायसं वाटायचं. मग एक दिवस फोन वाजला आणि पलीकडून साक्षात मोठे एजंट बोलू लागले.

“अहो, आहात कुठे तुम्ही? तुमचं पुस्तक आमच्याकडे आहे असं कळलं मला. म्हणजे, आहेच. काय पुस्तक आहे हो. काय ती भाषा. येऊन जा, सही करून टाकू.”

किल्लीवाल्यांनी फोन खाली ठेवला आणि कट्ट्यावर बसून हिशेब लावला. ‘असं कळलं’ या दोन शब्दांत सगळं होतं. एजंटबाईंनी कुठल्या तरी समारंभात मोठ्या एजंटांचं अभिनंदन केलं असणार. मोठे एजंट ‘हे कुठलं पुस्तक?’ असं विचारणाऱ्यांपैकी नव्हेत. हो हो, उत्तमच आहे, असं म्हणाले असणार, आणि कचेरीत परतून सगळ्यांना फैलावर घेतलं असणार, की असं पुस्तक हातचं गेलंच कसं. म्हणजे दुसरी पार्टी नव्हती, आणि ती आहे असं सांगितल्यामुळे ती झाली होती. किल्लीवाल्यांना आपल्या धंद्याविषयी एवढा आदर पूर्वी कधी वाटला नव्हता.

मोठ्या एजंटांची कचेरी काचेची होती. भिंतीवर पुस्तकांची मुखपृष्ठं चौकटीत लावलेली, गालिचा असा की पाऊल कुठे पडलं ते कळू नये. किल्लीवाल्यांनी पाठवलेली तीन प्रकरणं टेबलाच्या मधोमध ठेवलेली होती. ज्या रबराने लेकीने ती बांधली होती, तेच रबर, तशीच दुहेरी गाठ.

“तुमच्या त्या पात्रांनी झोप उडवली माझी,” मोठे एजंट म्हणाले. “काय तो वेग. आणि केवढा मोठा पट.”

“शेवट कसा वाटला?” किल्लीवाल्यांनी विचारलं.

“शेवट? शेवट तर अंगावर येतो.” क्षणभरही न अडखळता. “शेवटाबद्दल मी बोलूच शकत नाही.”

किल्लीवाल्यांनी मान डोलावली. कधीही न पाहिलेल्या घराचं वर्णन कसं करायचं, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती, पण समोरचा माणूस खरोखर उस्ताद होता. राग येण्याऐवजी त्यांना हेवा वाटला. मग एकदम एकटं वाटलं.

“कागद घरी नेतो,” ते म्हणाले. “बघून सांगतो.”

‘बघून सांगतो’ म्हणणारा माणूस परत येत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. मोठे एजंट हसले आणि शुक्रवारपर्यंतची मुदत देऊन मोकळे झाले.

घरी मात्र गंगेत घोडं न्हाल्यासारखा आनंद होता. बायकोने बहिणीला फोन केला, बहिणीने नणंदेला, नणंदेने अख्ख्या गोतावळ्याला. मोठ्या एजंटांनी ह्यांना घरून बोलावून घेतलं, असं आता सांगितलं जात होतं. “सही कधी?” बायको विचारायची. “करतो गं.” “अहो, लोकांना तुम्हीच सांगता ना, आज सही करा, विचार उद्या करा?” किल्लीवाले कागद उघडायचे, पेनाचं टोपण काढायचे, आणि त्यांच्या डोळ्यांपुढे चहाच्या कपाचं ते वर्तुळ यायचं.

गुरुवारी एजंटबाईंचा फोन आला. आवाज ऐकून किल्लीवाल्यांनी समोरचे कागद पालथे केले, पण बाई पुस्तकाबद्दल बोलतच नव्हत्या.

“तुम्ही जागा लावून देता ना? माझी कचेरी भाड्याने द्यायची आहे. ओळखीत दुसरं कोणी नाही, म्हणून म्हटलं तुम्हालाच विचारावं.”

किल्लीवाल्यांनी एका शिवणकाम करणाऱ्या बाईंना त्याच दुपारी जागा बघायला बोलावलं, कारण धंदा म्हणजे धंदा, आणि स्वतः तासभर आधी पोचले. खोलीत खोके होते. कपाटं रिकामी झाली होती, भिंतीवर तसबिरींच्या जागी फिकट चौकोन होते. एजंटबाई जमिनीवर बसून पुस्तकं बांधत होत्या. त्यांनी किल्ली काढून किल्लीवाल्यांच्या हातावर ठेवली.

“मोठ्या एजंटांनी नोकरी देऊ केलीय,” त्या म्हणाल्या. “मी तुमच्या पुस्तकाबद्दल त्यांचं अभिनंदन केलं ना, तेव्हाच विचारलं त्यांनी. म्हणाले, तुम्हाला पारख आहे. एक तारखेपासून त्यांच्याकडे येणारं सगळं मी वाचायचं.” सुतळीला गाठ मारून त्यांनी ती दाताने तोडली. “खरं सांगू? इतकी वर्षं एकटीने रेटलं, आपल्याकडेही कधीतरी येईल असं पुस्तक म्हणून. आलं, आणि तेही त्यांच्याकडेच गेलं. मग म्हटलं, आपणही तिकडेच जावं. निदान वाचायला तरी मिळेल.”

किल्लीवाल्यांनी खोलीभर नजर फिरवली. त्यांनी शेकडो लोकांची घरं रिकामी होताना पाहिली होती. पण त्यांच्या एका वाक्याने रिकामी झालेली ही पहिलीच, निदान डोळ्यांसमोर रिकामी होत असलेली. त्यांना मनापासून शरम वाटली. पळून जावंसंही वाटलं. पाच मिनिटं अशीच काढली तर किल्ली खिशात, पुस्तक मोठ्यांकडे, आणि कोणालाही काही कळणार नाही.

“त्या दिवशी दुसरं कोणी नव्हतं,” किल्लीवाले म्हणाले.

बाईंना कळलं नाही.

“मी खोटं बोललो. मोठ्यांनी मला नकार दिला होता, न वाचताच. तुम्ही ‘पण’ म्हणालात, आणि आमच्या धंद्यात ‘पण’ आलं की दुसरी पार्टी काढायची असते. मला वाटलं, तुम्ही घाईने हो म्हणाल. तुम्ही अभिनंदन केलंत.”

लाँड्रीतल्या इस्त्रीचा धप्प धप्प आवाज येत राहिला. बाईंचा चेहरा आधी कोरा झाला आणि मग लाल.

“मी त्यांच्यापाशी जाऊन चार लोकांसमोर अभिनंदन केलं.”

“हो.”

“आणि ते ‘हो हो’ म्हणाले.”

“तेही खोटं बोलले. रबराची गाठसुद्धा सोडली नव्हती त्यांनी. मी बघून आलो.”

“आणि मी जागा सोडतेय.” बाई उठून उभ्या राहिल्या. “तुम्ही माझ्या तोंडावर खोटं बोललात, मी तुम्हाला चहा पाजला, आणि तुम्ही तो पिऊन गेलात.”

किल्लीवाल्यांनी मान खाली घातली. बाई खिडकीशी गेल्या. फुगलेली चौकट उघडेना, तेव्हा त्यांनी तिला हाताच्या तळव्याने दणका दिला. मग पुष्कळ वेळ त्या रस्त्याकडे बघत राहिल्या. किल्लीवाल्यांना वाटलं, आता निघावं. पण निघायला परवानगी मागायचीही हिंमत होईना.

“म्हणजे माझ्याआधी हे कोणीच वाचलेलं नव्हतं,” बाई पाठमोऱ्याच म्हणाल्या.

“नाही.”

“आणि नंतर?”

“नंतरही नाही.”

“घरी?”

“घरी छापून आल्यावर वाचणार आहेत.”

बाई वळल्या. त्यांना राग अजून होता, तो त्यांच्या नाकपुड्यांवर दिसत होता, पण त्याच्यामागे आता दुसरंही काहीतरी होतं. त्यांनी एक बांधलेलं खोकं ओढलं, सुतळी कापली आणि तळातून बाड काढलं. मळलेल्या कडा, कपटे, सगळं तसंच. त्यांनी ते टाकून दिलं नव्हतं.

“तुमचं पुस्तक गेलं असं समजल्यावर मी ते पुन्हा वाचलं. काय गमावलं ते तरी कळावं म्हणून,” त्या म्हणाल्या. “आता ‘पण’च्या पुढचं ऐका. शेवट साफ खोटा आहे.”

किल्लीवाले खोक्यावर बसले. या एका वाक्यासाठी त्यांनी केवढा मोठा खटाटोप करून ठेवला होता.

“ती बाई इतकी वर्षं नुसती घरं बघते, आणि शेवटच्या प्रकरणात अचानक बागेसकट घर विकत घेते. दलाल किल्ली देतो, सगळे खूश. का घेते ती घर?”

“कुठेतरी संपवायला हवं ना.”

“तुम्हाला सौदा झाल्याशिवाय गोष्ट संपवताच येत नाही. ती खरी बाई आहे, नाही का? तिने घेतलं घर?”

“नाही.”

“मग काय झालं?”

किल्लीवाल्यांनी जुडग्यातली एक किल्ली बोटांनी फिरवली. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. “यायची बंद झाली. एका रविवारी आली नाही. मला वाटलं, आजारी असेल. पुढच्या रविवारी मी एक चांगली जागा राखून ठेवली होती, पूर्वेची, सकाळचं ऊन थेट आतपर्यंत येणारी. दुसरी पार्टी, म्हणजे खरी, पैसे घेऊन उभी होती, तिला मी थोपवून धरलं. पण ती बाई नाही आली. मी दुपारपर्यंत थांबलो. पुढचे काही रविवारही थांबलो. तिचा पत्ता मी कधी विचारलाच नव्हता. दुसऱ्यांची घरं दाखवताना तिचं घर कुठे, हे विचारायचं राहूनच गेलं.” त्यांचा आवाज भरून आला आणि त्यांनी तो लपवला नाही. “मला तिची फार आठवण येते.”

“मग हे का नाही लिहिलंत?”

“यात कोणाला काय मिळतं?”

“लिहा,” बाई म्हणाल्या. “हेच लिहा, असंच.” त्यांनी बाडाची शेवटची पानं वेगळी काढली, ती किल्लीवाल्यांच्या मांडीवर ठेवली आणि टेबलावरून पेन्सिल आणून दिली.

किल्लीवाले तिथेच, खोक्यावर बसून, लिहायला लागले. बाई समोरच्या खोक्यावर बसून मागची प्रकरणं चाळू लागल्या. मध्येच एखाद्या ओळीवर बोट ठेवून विचारायच्या, हे कशाला, आणि किल्लीवाले निमूटपणे खोडायचे. इतकं कडक त्यांच्याशी कोणी बोललं नव्हतं आणि इतकं बरंही त्यांना कधी वाटलं नव्हतं. वेळेचं भान राहिलं नाही. जिन्यात पावलं वाजली तेव्हा दोघांनीही दचकून वर पाहिलं.

दारात शिवणकामवाल्या बाई उभ्या होत्या. या पार्टीने वेळ पाळली होती, असं दुर्मीळ प्रसंगी होतं. “जागा हीच ना?” त्यांनी धापा टाकत विचारलं आणि थेट आत येऊन भिंतीवर बोट टेकवलं. “ओल आहे वाटतं.”

“आहे,” किल्लीवाले म्हणाले. “पावसाळ्यात जास्त येते.”

“आणि वास?”

“लाँड्रीचा. दिवसभर येतो.”

शिवणकामवाल्या बाई अचंब्याने बघत राहिल्या. “तुम्ही कसले हो दलाल? मग भाडं तरी कमी करा.”

किल्लीवाल्यांनी एजंटबाईंकडे पाहिलं. जागा त्यांची, बोलायचं त्यांनी. एजंटबाईंनी हातातली पानं खाली ठेवली आणि खोलीकडे, त्या फिकट चौकोनांकडे, उघड्या खोक्यांकडे एकदा नीट पाहून घेतलं. मग किल्लीवाल्यांपुढे हात केला. किल्लीवाल्यांनी किल्ली दिली.

“जागा द्यायची नाहीये,” एजंटबाई म्हणाल्या. “माफ करा, तुम्हाला उगाच हेलपाटा पडला.”

शिवणकामवाल्या बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “मग बोलावलं कशाला? दुकान बंद करून आले मी. ह्यांनीच केला होता ना फोन? वा रे दलाल.”

“त्यांना काही बोलू नका,” एजंटबाई म्हणाल्या. “ते माझे लेखक आहेत.”

किल्लीवाल्यांच्या हातातली पेन्सिल थांबली. त्यांनी वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तर डोळे लपवता आले नसते.

“लेखक?” शिवणकामवाल्या बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “मग इथे दलाल कोण?”

“मी,” एजंटबाई म्हणाल्या, आणि पुढचं पान उलटलं.

शिवणकामवाल्या बाई पुटपुटत जिना उतरून गेल्या. किल्लीवाले पुन्हा लिहू लागले. टक्केवारी किती, हे विचारायचं त्यांना घरी पोचेपर्यंत सुचलंच नाही.